गजाला ठेका शिकवताना

धाराशिव जिल्ह्याच्या पारंपरिक गाण्यात व्हायोलिन नाही. तुळजाभवानीचा गोंधळ, येरमाळ्याच्या येडेश्वरीपुढची आराध्यांची गाणी, अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाचं जागरण, तेरला गोरोबाकाकांच्या समाधीपुढचं भजन, यांत तार जागोजागी ऐकू येते. गोंधळ्याच्या आणि वाघ्याच्या हातात तुणतुणं असतं, वारकऱ्याच्या गळ्यात वीणा किंवा हातात एकतारी. पण या तारांवर कुणी चाल वाजवत नाही. चाल गळ्यातून येते. तार तिला षड्ज पुरवते आणि ठेका धरून ठेवते.

ही विभागणी आधी ध्यानात घ्यायला हवी, कारण व्हायोलिन शिकणारी मुलं आता या चालींकडे वळू लागली आहेत. स्नेहसंमेलनात देवीचं गाणं बसवायचं असतं, कुणाकडे तरी व्हायोलिन असतं, आणि चाल तर लहानपणापासून कानात असते. स्वर चार-पाचच असल्याने बोटंही लवकर बसतात. तरी वाजवलं की ते गोंधळासारखं न वाटता सिनेमातल्या एखाद्या दुःखी प्रसंगासारखं वाटतं. शिकणारा बोटं तपासत बसतो. खोट बहुधा उजव्या हातात असते.

तुणतुण्याची बांधणी पाहिली की ही खोट कुठली ते उमगतं. एक पोकळ नळकांडं, जुनं असेल तर लाकडी, हल्ली बऱ्याचदा पत्र्याच्या डब्याचं. त्याचं खालचं तोंड कातड्याने मढवलेलं, वरचं उघडं. नळकांड्याच्या बाहेरच्या अंगाला एक काठी ठोकलेली आणि काठीच्या शेंड्याला खुंटी. कातड्याच्या मध्यभागी भोक पाडून तिथून निघालेली तार नळकांड्याच्या पोटातून वर येते आणि खुंटीला गुंडाळली जाते. बस्स, एवढंच. पडदे नाहीत, घोडी नाही, दुसरी तार नाही. खुंटी पिळून तार गाणाऱ्याच्या षड्जाला लावायची आणि तर्जनीने किंवा छोट्या नखीने छेडत राहायचं.

गोंधळी सांगतात त्या कथेत हे वाद्य परशुरामाने घडवलं. बेटासुराला मारून त्याने त्याच्या मस्तकाला भोक पाडलं, त्याच्याच शिरांचे तंतू त्यातून ओवले, आणि ते वाजवत तो रेणुकेला वंदन करायला गेला. कथा भयंकर आहे, पण वाद्य बनवणाऱ्याच्या नजरेने ऐकली तर तिच्यातला तपशील अगदी बिनचूक आहे. पोकळ भांडं, त्याला भोक, भोकातून ओवलेला तंतू. आजही तुणतुणं असंच बनतं.

आता या बांधणीचा आवाजावर काय परिणाम होतो ते पाहू. व्हायोलिनमध्ये तार घोडीवरून आडवी जाते आणि घोडी तिचं कंपन लाकडी पाटाला पोहोचवते. तुणतुण्यात तार कातड्याला काटकोनात जोडलेली असते, म्हणजे छेडल्यावर ती कातडं थेट खेचते आणि सोडते. कातडं हलकं आणि ताणलेलं, त्यामुळे आवाज एका झटक्यात उमटतो आणि तितक्याच लवकर विरतो. अशा बांधणीच्या वाद्यांना, विशेषतः बंगालच्या गोपीयंत्राला आणि आनंदलहरीला, लॉरेन्स पिकन या इंग्रज संगीत अभ्यासकाने तंतुवाद्यांच्या रांगेतून काढून ‘छेडायचे ढोल’ ठरवलं. इतर अभ्यासकांनी त्याला विरोध केला. वर्गीकरणाचा तो वाद अभ्यासकांनीच सोडवावा, पण पिकनच्या कानाला जे जाणवलं ते तुणतुणं जवळून ऐकणाऱ्या कुणालाही जाणवेल: तारेतून निघतो आहे, पण आवाज थापेचा आहे.

आणि इथेच व्हायोलिन अडतं. छेडलेला सूर आपोआप मरतो. तो मेला की पुढच्या ठोक्याला जागा होते, आणि दोन ठोक्यांमधल्या त्या रिकाम्या जागेतूनच ठेका ऐकू येतो. गजाचं उलट आहे. राळ लावलेले केस तारेला धरतात, थोडं ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. सेकंदाला शेकडो वेळा हे घडतं आणि गज चालू आहे तोवर सूर जिवंत राहतो. तुणतुण्याला ठेका फुकट मिळतो. व्हायोलिनवाल्याला प्रत्येक सूर स्वतःच्या हाताने संपवावा लागतो, आणि नेमकं हेच त्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्याला शिकवलेलं असतं ते लांब, अखंड, गज बदलल्याचं कळूही न देणारं वादन. रागाच्या आलापीला ते हवंच. गोंधळाला ते मारक आहे.

म्हणून पहिला धडा गजाशिवाय. काही दिवस गज पेटीतच राहू द्यावा आणि मोकळी तार बोटाने छेडत अख्खं गाणं गावं. चाल वाजवायची नाही, फक्त तुणतुणं व्हायचं. षड्ज कुठला घ्यायचा हा प्रश्न लगेच येतो. पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा म्हणजे पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन. गाणाऱ्याचा षड्ज पांढरी दोन असेल तर दुसरी तार सा आणि तिसरी पंचम, म्हणजे काम सोपं. तो काळी एक किंवा काळी दोन असेल तर मोकळ्या तारा बेसूर पडतात. अशा वेळी तारा उतरवून किंवा किंचित चढवून सा-प-सा-प अशा लावून घ्याव्यात. आपल्याकडच्या शास्त्रीय व्हायोलिनमध्ये हेच करतात. गाणाऱ्याला मात्र वाद्याच्या सोयीसाठी षड्ज बदलायला सांगू नये. गोंधळी उंच सुरात गातो तो उघड्यावर, संबळाच्या वरून आवाज पोहोचवण्यासाठी, आणि त्याचा गळा त्याच जागी तापलेला असतो.

संबळाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण व्हायोलिनवाल्याचा खरा गुरू तोच. कातड्याने मढवलेली दोन भांडी एकमेकांना बांधलेली असतात. एक लहान, चढ्या आवाजाचं. दुसरं मोठं, खर्जाचं. उभ्याने वाजवताना ती कमरेला बांधतात. वाजवायला दोन काड्या. एक सरळ, दुसरी टोकाला वाकलेली. सरळ काडी बारीक, टणक टिपा काढते, वाकडी काडी खर्ज सांभाळते. म्हणजे संबळावर एकाच वेळी दोन गोष्टी चालतात: वर सतत बारीक धावणारी नक्षी आणि खाली मोजक्या, वजनदार ठोक्यांचा पाया. ऐकणाऱ्याचे पाय हलतात ते त्या खालच्या ठोक्यांवर. नवखा वादक मात्र वरच्या नक्षीच्या मागे धावतो आणि दमतो.

तेव्हा ऐकायला बसलात तर पहिल्या फेरीत फक्त खर्ज मोजावा. ज्या चाली बसवायला घ्याल त्या सहा किंवा आठ मात्रांच्या घरातल्या निघण्याची शक्यता मोठी. पुस्तकातला दादरा किंवा केरवा डोक्यात धरून ऐकू नये. खर्ज पहिल्या मात्रेवर पडतो की नाही, चौथीवर पुन्हा येतो का, मध्येच एक ठोका मुद्दाम गाळला आहे का, हे कानाने ठरवावं आणि मग तोंडाने म्हणावं. ज्याला ठेका तोंडाने म्हणता येत नाही, त्याने तो गजाने वाजवण्याचा प्रयत्नही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गज खालच्या दिशेने ओढला की हाताचं वजन आपसूक त्यात उतरतं. वर ढकलताना ते वजन उचलावं लागतं. त्यामुळे ओढता गज ठसठशीत आणि ढकलता गज हलका वाजतो. आठ मात्रांत याचा त्रास नाही. ओढ-ढकल, ओढ-ढकल असं चाललं की पहिली, तिसरी, पाचवी, सातवी या सगळ्या मात्रा ओढत्या गजावर येतात. सहा मात्रांची घडण तीन-तीनची असली की मात्र गणित फिरतं. पहिल्या तिघी ओढ-ढकल-ओढ, पुढच्या तिघी ढकल-ओढ-ढकल. पहिली मात्रा वजनदार आली, चौथी हलकी पडली. तबल्यावरच्या दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खालीच असते, तिथे हे शोभतं. पण संबळवाला चौथ्या मात्रेवरही खर्जाचा ठोका देत असेल तर व्हायोलिन दर आवर्तनात अर्ध्यावर लंगडं होतं.

यावर उपाय असा: तीनपैकी पहिल्या दोन मात्रा एकाच ओढत्या गजात घ्यायच्या आणि तिसरी ढकलत्या गजाने सुटी वाजवायची. पुढच्या तिघींनाही तसंच. आता पहिली आणि चौथी, दोन्ही ओढत्या गजावर आल्या. पण उपायाबरोबर एक नवं दुखणं येतं. दोन मात्रांत जेवढा गज खाली गेला तेवढा एका मात्रेत वर आणावा लागतो, म्हणून ढकलता गज दुप्पट वेगाने जातो. वेगाने गेलेला गज मोठा वाजतो, आणि तिसरी मात्रा नको असताना ओरडते. तिथे दाब काढून घ्यावा, गज तारेला जेमतेम शिवत परत आणावा. हे एवढं साधलं की निम्मं काम झालं. बाकीच्या निम्म्यासाठी आठ मात्रांच्या चालीत याच्या उलट खटपट करावी लागते. तिथे ठोके इतके सरळ येतात की चाल कवायतीसारखी ऐकू येते. मग चौथी आणि पाचवी मात्रा एका गजात बांधून टाकावी, म्हणजे पाचवीचा ठोका थोडा आधीच येऊन पडल्यासारखा वाटतो आणि चाल पुढे रेटली जाते.

सूर मारण्याच्या तऱ्हाही वेगवेगळ्या आहेत. गज तारेवरच थांबवला की सूर चिमटीत धरल्यासारखा बंद होतो. संबळाच्या सरळ काडीची टीप अशी वाजते. गज तारेवरून उचलला तर तार क्षणभर घुमून विरते. हा तुणतुण्याचा आवाज. आधाराच्या षड्जाला दुसरी तऱ्हा आणि चालीतल्या तुटक शब्दांना पहिली, असं वाटून घेतलं तर एकाच वाद्यातून दोघांचा भास होतो. लय जलद असेल तेव्हा गज कमी वापरावा. व्हायोलिनचा गज साधारण पाऊण मीटर लांब असतो, त्यातला मुठीजवळचा वीतभर भाग पुरे. मुठीकडे हाताचं वजन जवळ असतं, सुराची सुरुवात तिथे कडक निघते. टोकाकडे वाजवलं की तोच सूर मऊ होतो, आणि मऊपणा इथे कामाचा नाही. डाव्या हाताचं कंपनही आवरतं घ्यावं. गोंधळी शेवटच्या स्वरावर आवाज थरथरवत बसत नाही, तो स्वर फेकतो आणि सोडतो.

तार आणि ठेका यांची सोयरीक काही परकी नाही. यल्लमाच्या जोगत्यांच्या चौंडक्यात तारेचं एक टोक हातात धरून ताणतात आणि सैल सोडतात, त्यामुळे ठेक्यातच सूर वर-खाली घसरतो. व्हायोलिनवर एक बोट न उचलता सरकवलं तर ती घसर सहज काढता येते. गजाची वाद्यंही या मातीला जुनी ओळखीची आहेत. तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात धनुकलीने वाजवायच्या पिनाकी वीणेचं वर्णन येतं. त्याच्या आधी बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावरच्या ‘मानसोल्लासा’त गोंडली नावाचं नृत्य येतं, आणि गोंधळाचं मूळ शोधणारे तिथवर जातात. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरग्याहून सीमा ओलांडली की आलंच. म्हणजे गज आणि गोंधळ दोन्ही याच टापूत होते. एकमेकांच्या वाट्याला गेले नाहीत इतकंच.

दुसरीकडे ते गेले. विदर्भ आणि आदिलाबादच्या पट्ट्यात परधान लोक गोंडांच्या देवकथा गातात त्या किंगरीवर, आणि किंगरी गजाने वाजते. राजस्थानात पाबूजीची कथा सांगणारे भोपे रावणहत्था वाजवतात आणि त्याच्या गजालाच घुंगरं बांधतात. गज ज्या क्षणी दिशा बदलतो त्या क्षणी घुंगरं खणकतात, म्हणजे ठेका धरायला वेगळा माणूसच लागत नाही. ही युक्ती व्हायोलिनवाल्याने सरावापुरती जरूर उचलावी. मुठीजवळ दोन-चार हलकी घुंगरं बांधून वाजवलं की गज कुठे आळसावतो ते लपत नाही. दाखवायच्या कार्यक्रमात बांधावीत की नाही, हा ज्याच्या त्याच्या धीराचा प्रश्न.

हे भोपे वाद्य हनुवटीखाली दाबत नाहीत, छातीशी धरतात, कारण त्यांना त्याच वेळी गायचं असतं आणि पावलंही टाकायची असतात. मांडी घालून, वाद्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवण्याची आपली बैठक मींडेला उत्तम, पण गोंधळ उभ्याने होतो. गाणाऱ्याच्या शेजारी उभं राहून वाजवायची सवय नसलेला वादक चौकाच्या कडेला बसून राहतो आणि त्याचा ठेकाही कडेलाच राहतो.

गोव्यात मात्र व्हायोलिनने लोकगीतात पूर्ण शिरकाव केला. चर्चच्या शाळांतून पोरं व्हायोलिन शिकली आणि घरी येऊन घुमटाच्या साथीने मांडो वाजवू लागली. घुमट म्हणजे एका तोंडाला कातडं लावलेलं मातीचं भांडं. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत, आता बंदीमुळे बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसावाद्य ठरवलं. मांडो सहा ठोक्यांचा, संथ. त्याच्या मागून येणारं दुलपद सहाचंच, पण चपळ. मांडोत गज लांब आणि रडवेला चालतो, दुलपद लागलं की तोच गज आखूड होऊन घुमटाच्या थापेला चिकटतो. सहा मात्रांत गजाने काय करायचं हे ज्याला कागदावरून कळत नाही, त्याने एखाद्या जाणत्या गोवेकराचं दुलपद ऐकावं.

मराठी शास्त्रीय वादकांतही दोन्ही प्रवृत्ती दिसतात. दामोदर केशव दातार यांचं वादन गायकी अंगाचं, गळ्याच्या मागे जाणारं, सूर न तुटू देणारं. वि. गो. जोग (१९२२–२००४) यांच्याकडे लयकारी आणि झाल्याची ओढ. बिस्मिल्ला खाँ यांच्याबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या गाजल्या. सुगम संगीतात प्रभाकर जोग यांचं ‘गाणारं व्हायोलिन’ घराघरांत पोहोचलं, आणि त्यांचं कसब असं की गाण्याचे शब्दच जणू तारेतून ऐकू यावेत. शिकणाऱ्याला त्यांची नक्कल करावीशी वाटणं साहजिक आहे. पण गोंधळाची चाल हाताशी असेल तर जोग ऐकावेत ते विष्णु गोविंद, आणि तेही झाल्यात गज कसा तुटतो ते पाहण्यासाठी.

परदेशातल्या लोकवादकांनी हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवला. अमेरिकेच्या दक्षिणेत एक जण फिडल वाजवत असताना दुसरा त्याच फिडलच्या तारांवर बारीक काड्यांनी ठेका धरतो. एका वाद्याचं असं संबळ आणि व्हायोलिन दोन्ही होतं. लुइझियानातल्या केजन लोकांत दोन फिडलवादक जोडीने बसतात. एक चाल वाजवतो, दुसरा खालच्या तारांवर नुसता आधार आणि ठेका. त्या दुसऱ्या वादकाला तिथे कमी लेखत नाहीत. आपल्याकडे ‘नुसता सा धरला’ म्हणजे काही केलंच नाही असं मानतात. तुणतुणं धरणाऱ्या झीलकऱ्याला विचारा, रात्रभर लय न ढळू देता सा धरणं म्हणजे काय ते.

झीलकऱ्याची जागा हीच व्हायोलिनची खरी जागा. मुख्य गोंधळी ओळ म्हणतो आणि ती संपण्याच्या बेतात असताना झीलकरी शेवटचा स्वर उचलतात. पुढाऱ्याचा श्वास पुरा होईतो सूर त्यांच्याकडे असतो. दोघांच्या आवाजांत अर्ध्या-एका मात्रेची सरमिसळ होते, आणि गाणं कुठेच तुटत नाही. बहुतेक व्हायोलिनवाले गाणाऱ्याबरोबर अख्खी ओळ वाजवतात. त्याने शब्दही झाकले जातात आणि गाणाऱ्याच्या छोट्या-छोट्या हरकतींशी टक्कर होते. त्याऐवजी ओळभर मोकळ्या तारेवर तुटक षड्ज धरावा, ओळीचं शेवटचं अक्षर आलं की चालीत शिरावं, झील संपवून पुन्हा षड्जावर यावं. षड्जावरून चालीत जाताना गज उलटा पडू नये म्हणून झिलीच्या आधीच्या मात्रेवर एक गज गाळावा लागतो. कुठला गाळायचा ते प्रत्येक चालीला वेगळं, आणि ते वहीत खूण करून ठेवलेलं बरं.

गोंधळाच्या उत्तरार्धात आख्यान सुरू होतं. तिथे गद्य येतं, विनोद येतो, नायक आणि साथीदार यांची सवाल-जबाबासारखी बोलाचाली होते. संबळ थांबतो किंवा अगदी हलका होतो, तुणतुणं मात्र सुरू असतं. इथे व्हायोलिनने गज हातातच ठेवून बोटाने तार छेडावी, तीही संवादाच्या मधल्या जागांत. नायक बोलता बोलता कधी चालीवर येईल याचा नेम नसतो. तो सहसा इशारा देत नाही, फक्त वाक्याचा शेवट थोडा लांबवतो. तेव्हा नजर वाद्यावर नको, त्याच्या तोंडावर हवी, आणि गज हातात, मुठीकडचा भाग तारेपासून बोटभर वर.